भरणाचा भार आणि निरीक्षणाचा अधिकार : ठाणें व नवी मुंबई येथील एक प्रकरण

उन्मत्त, वृद्ध व निराश्रित माणसांचें पालन कोणीं करावें, हा प्रश्न आपल्या प्राचीन ग्रंथकारांस अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत उन्मत्त व जड यांस दायभाग नाकारला आहे. परंतु लागलीच त्यांस यथाशक्ति ग्रासाच्छादन दिलेंच पाहिजे, न देणारा पतित होतो, असेंही सांगितलें आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी डॉ. शामशास्त्री यांच्या हातीं म्हैसूर येथें आली व 1909 मध्यें तो ग्रंथ छापून निघाला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीं बाल, वृद्ध, व्याधित व अनाथ यांचें भरण राजाकडे सोंपविलें आहे. त्याच स्थळीं अज्ञान बालकाचें द्रव्य ग्रामवृद्धांनीं सांभाळून वाढवावें, असा नियम आहे. म्हणजे बालकाच्या द्रव्यावर गांवची नजर होती. व्याधिताच्या देहावर मात्र तशी नजर ठेवण्याचा नियम त्या स्थळीं सांगितलेला नाहीं. पोसणारा कोण आणि पाहणारा कोण, हे दोन प्रश्न निराळे होत. प्रस्तुत लेखांत दुसऱ्याचाच विचार कर्तव्य आहे.

या दुसऱ्या प्रश्नास कायद्याचें रूप 1858 मध्यें आलें. त्या वर्षाच्या 36 व्या कायद्यानें प्रत्येक वेड्यांच्या इस्पितळास निदान तीन अभ्यागत नेमण्याची आज्ञा केली. त्यांस त्या काळीं व्हिजिटर म्हणत. त्यांपैकीं एक तरी वैद्यकीय अधिकारी असावा, दोघांनीं मिळून महिन्यांतून एकदां तरी इस्पितळाचा प्रत्येक भाग व शक्य तों प्रत्येक रुग्ण पाहावा, आणि आपला अभिप्राय खास ठेवलेल्या पुस्तकांत लिहावा, असा तो नियम होता. 1912 च्या चौथ्या कायद्यांतही तो कायम राहिला. शिवाय तिघां अभ्यागतांनीं लेखी आज्ञा दिल्यास रुग्णाची सुटका होऊं शके. ठाणें येथें नरोत्तमदास माधवदास यांच्या नांवानें 1901 मध्यें स्थापन झालेलें इस्पितळ याच व्यवस्थेखालीं चाललें. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अभ्यागतांची किमान संख्या पांच केली, दोन समाजसेवक घातले, व मासिक भेटीचा नियम पुढें चालविला.

आतां नगरसंस्थांकडे वळूं. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम 1949 चा. त्यास पुढें महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असें नांव मिळालें. मूळ अधिनियमानें शहरांतील वेड्यांच्या व कुष्ठरोग्यांच्या पालनोपचाराचा खर्च, सरकार ठरवील त्या दरानें, महानगरपालिकेनें द्यावा असें आवश्यक कर्तव्य सांगितलें. दुर्बल, असाध्य रोगी, अंध व मूकबधिर यांच्या संस्था चालविणें हें मात्र ऐच्छिक कर्तव्यांत पडलें. पैसा देणें सक्तीचें, संस्था काढणें इच्छेवर, आणि ज्यासाठीं पैसा दिला त्याची स्थिति जाऊन पाहणें या दोहोंतही नाहीं.

सिडकोची स्थापना 1970 मध्यें झाली. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 पासून सुरू झाला, व वरील अधिनियमच तिला लागू पडला. तिनें ऐच्छिक कर्तव्याकडे पाठ फिरविली नाहीं. वाशीचें अपंगांसाठींचें ई. टी. सी. केंद्र व ज्येष्ठ नागरिकांचीं विरंगुळा केंद्रें हें त्याचें प्रमाण होय. परंतु मनोरुग्णास दीर्घकाळ ठेवावयाचें झाल्यास जवळचें सरकारी ठिकाण म्हणजे खाडीपलीकडील ठाण्याचें इस्पितळच, आणि तें राज्यसरकारचें. मे 2020 मध्यें लोकनियुक्त मंडळाची मुदत संपून पुढें कित्येक वर्षें कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळांत प्रश्न विचारणारा नगरसेवकही सभागृहांत नव्हता.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 मध्यें अंमलांत आला. त्यानें रुग्णाचे हक्क प्रथमच सविस्तर सांगितले, ही मोठी गोष्ट आहे. अभ्यागतांच्या जागीं पुनर्विलोकन मंडळें आलीं. त्यांत जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधि, दोन वैद्य, आणि रुग्ण, त्यांचे पालक वा संस्था यांपैकीं दोघे सभासद असतात. नगरसंस्थेस आसन नाहीं. जुना मासिक फेरीचा नियमही उरला नाहीं. नोंदणीकृत संस्थांची तपासणी दर तीन वर्षांनीं व्हावयाची आहे. ठाण्याच्या इस्पितळांत बरे झालेले रुग्ण वर्षानुवर्षें राहतात, हा विषय डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहितयाचिकेनें उच्च न्यायालयापुढें न्यावा लागला. महिन्याच्या महिन्यास एखादा तिऱ्हाईत खाटेपाशीं उभा राहून ‘हा अजून येथें कां?’ असें विचारता, तर हें इतकें दिवस लपून राहिलें असतें काय?

तथापि त्याच कायद्यांत, त्रैवार्षिक तपासणीच्या मंडळीत स्थानिक समाजाचे प्रतिनिधि घेतां येतील, असे शब्द आहेत. नवी मुंबईसारख्या महानगरपालिकेनें आपले प्रतिनिधि तेथें सुचवावे, व आपल्या हद्दींतून गेलेल्या प्रत्येक रुग्णाची यादी ठेवावी, यास कायद्याची आडकाठी दिसत नाहीं.

संशोधक व संग्राहक यांस एक विनंति. अभ्यागतांचीं अभिप्राय-पुस्तकें हीं बखरी व शकावल्या यांच्या तोडीचींच साधनें आहेत. ज्यांनीं स्वतः कांहीं लिहून ठेवलें नाहीं अशा माणसांकडे दर महिन्यास कोणी पाहिलें, याचा तो लेखी पुरावा होय. जेथें अशीं पुस्तकें आढळतील तेथें त्यांची रद्दी होऊं देऊं नये. रुग्णांचीं नांवें गुप्त राखून तीं जतन करावीं, व कोणत्या महिन्यांत भेट झाली आणि कोणत्या महिन्यांत झाली नाहीं, एवढें तरी टिपून काढावें.