आबांचा व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर आणि माझे नवे स्पीकर

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा. आजचा भाग आवाजाबद्दलच आहे, आणि त्यात मी केलेला एक गाढवपणाही आहे.

माझं गाव माकणी. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण आमच्याच गावाजवळ आहे. माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. लग्न, जत्रा, गणपती, सभा, काहीही असो. त्यांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आमच्या पत्र्याच्या खोलीत पोत्याखाली पडून होता. मी तो उमरग्याच्या एका मिस्त्रीमामांकडून दुरुस्त करून आणला आणि त्याला बारा इंची दोन नवे कोरे स्पीकर जोडले.

आता कुठल्याशा व्हिडिओत मी ऐकलं होतं, की नवे स्पीकर कडक असतात, त्यांना सुरुवातीलाच जोरात वाजवून 'मोकळं' करावं लागतं. झालं! बटण शेवटपर्यंत फिरवलं. वीस मिनिटं पत्रे थरथरले, मग एकदम शांतता. आणि जळका वास.

काय झालं ते सांगतो, पण त्याआधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही.

लाऊडस्पीकर यायच्या आधी मोठ्या जमावापुढे बोलायचं तर छातीत दम लागायचा. कीर्तनकार, शाहीर, तमाशातले गायक सगळे उंच पट्टीत का गायचे? शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचायला हवा म्हणून. झीलकरी मागून सूर धरायचे, त्यानंही आवाजाला भर यायची.

१९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला. दिसायला काचेचा बल्ब. आत एक तापणारी तार, समोर एक पत्रा आणि मध्ये एक जाळी. जाळीवर बारीकसा विद्युत संकेत दिला, की तारेकडून पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमीजास्त होतो. आपल्या पाटाच्या दारासारखं समजा. दार हलवायला थोडी ताकद लागते, पण वाहतं ते अख्खं पाणी.

१९१५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हजारो लोकांना कर्ण्यातून गाणी ऐकवली. १९१९ मध्ये सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं भाषण कर्ण्यांतून ऐकू गेलं, तेव्हा मदतीला व्हॉल्व्ह होते. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी कोन आणि तारेचं वेटोळं असलेला स्पीकर मांडला. आज तुमच्या मोबाइलमध्ये आहे तो त्याचाच नातू. मराठी बोलपट आला १९३२ मध्ये, 'अयोध्येचा राजा'. म्हणजे पडद्यावरची मराठी लोकांनी पहिल्यांदा ऐकली ती व्हॉल्व्हच्या जोरावर. मग तंबूतले सिनेमे, जत्रा आणि लग्नं करत ही काचेची नळी आमच्यासारख्या गावांत पोचली.

या व्हॉल्व्हची एक गंमत आहे. झेपेल त्यापेक्षा जास्त ताण दिला तर आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात, पण एकदम नाही, गोलसर. आवाज फाटतो, तरी कानाला भरदार वाटतो. ही खोड काही वादकांना इतकी आवडली, की १९५८ मध्ये लिंक रे या गिटारवाल्यानं तसा आवाज मिळावा म्हणून स्पीकरच्या कोनाला भोकं पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसनं तर ब्लेडनं कोन कापला. रॉक संगीताचा तो फाटका, गुरगुरणारा आवाज असा जन्माला आला. मलाही त्या दिवशी तो आवाज भारी वाटत होता.

आता माझी चूक. खरं तर तीन चुका.

पहिली. नवा स्पीकर मोकळा होतो हे खोटं नाही. कोनाच्या मागे राळेनं कडक केलेली एक कापडी चकती असते, मिस्त्री तिला स्पायडर म्हणतात. ती हलली की थोडी सैल होते. पण त्यासाठी मध्यम आवाजावर काही तास नेहमीसारखी गाणी वाजवली तरी पुरतं. बैल नवा असला म्हणून पहिल्याच दिवशी कुणी दोन गाड्यांचं ओझं लादत नाही.

दुसरी. ॲम्प्लिफायरवर तीस वॅट लिहिलंय म्हणून तीसच वॅट बाहेर येतात असं नाही. लाटेचे शेंडे कापले जाऊन ती चौकोनी व्हायला लागली, की जवळपास दुप्पट शक्ती स्पीकरमध्ये जाऊ शकते. ती सगळी बारीक तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन साठते.

तिसरी आणि सगळ्यात महागडी. थरथरून एका स्पीकरची वायर सुटली. दोन्ही स्पीकर मी एकामागे एक जोडले होते, त्यामुळे दोन्ही बंद. व्हॉल्व्हवाल्या ॲम्प्लिफायरच्या शेवटी एक ट्रान्सफॉर्मर असतो. स्पीकर जोडलेला नसताना तो जोरात चालला, की आतला दाब प्रचंड वाढतो आणि वेटोळ्यांमधलं आवरण फुटतं. माझा ट्रान्सफॉर्मर तसाच जळला. (आणि हो, अशा डब्यात तीनचारशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही वेळ राहतात. स्वतः उघडू नका.)

पेटी घेऊन परत उमरग्याला गेलो. मामांनी वास घेतला आणि म्हणाले, "आरं लेकरा, तुझ्या आज्यानं हे बटण कधी निम्म्याच्या वर नेलं नव्हतं. ठाऊक हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर आईला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. आबांचा सेट गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होता. थकून ते ट्रॉली तशीच उघड्यावर सोडून झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, सगळी आमच्या शेजारची गावं. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशा घरांत हजारो माणसं झोपेतच गेली. आमचीही मागची भिंत आली. घरात ठेवला असता तर सेट तिच्याखाली गेला असता.

नंतरचे कितीतरी दिवस आबांनी त्याच ट्रॉलीवरून, त्याच जनरेटरवर नावं पुकारली. कुणाचं लेकरू सापडलं, कुणाची म्हातारी कुठल्या तंबूत आहे, पाण्याचा टँकर कधी येतो. आई म्हणाली, "लोक म्हणायचे आवाज वाढवा. तर ते म्हणायचे, वाढवला की नाव कळत नाही."

फाटलेला आवाज गिटारला शोभतो, पण त्यात 'सुमन' आणि 'सुभान' सारखंच ऐकू येतं. ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला तेवढा फरक कळायला हवा होता. बटणाचा वरचा निम्मा भाग आबांनी वापरला नाही, म्हणून खालच्या भागात शब्द स्वच्छ राहिला.

मामांनी ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून दिला. तीन आठवडे लागले. आता सेट चालतो. आधी वायरी ओढून बघतो, मग व्हॉल्व्ह तापू देतो, आणि बटणावर निम्म्यापाशी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे. नवे स्पीकर महिनाभरात आपोआप मोकळे झाले.

तुमच्याही घरात असा एखादा जुना डबा असेल, तर चालू करायच्या आधी घरच्यांना विचारा, तो कुणी आणि कशासाठी वाजवला होता. भेटू पुढच्या भागात.