पांढरीखालचे तगर

माझे आजोळ तेरचे. मृग लागण्याआधी आजोबा गाडीतून पांढरी माती आणत आणि ती माळवदावर पसरली जाई. तुळया, त्यांवर लाकडाच्या किलच्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर ही पांढरी. पावसात ती घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. माती पसरण्याआधी निवडण्याचे काम आम्हा पोरांकडे असे. ‘खापरं येचून टाका रं, तिथूनच गळतंय,’ असे आजी बजावायची. लाल-काळी खापरे, शंखाच्या बांगडीचे तुकडे, कधी एखादा भोकाचा मणी आम्ही बाजूला काढत असू. मणी मुली ठेवून घेत. बाकीचे उकिरड्यावर जाई. पुढे या विषयाचे वाचन सुरू केले तेव्हा उमजले, की आमच्या आजोळच्या माळवदावर सातवाहनांच्या काळचे एक शहर पसरलेले होते.

आपल्याकडे गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. पिकते ती काळी, वस्तीची ती पांढरी. हा रंग उगाच आलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडे, कुजलेले लाकूड यांनी मिळून ही माती बनते. जिथे पांढरी उंच, तिथे वस्ती जुनी. तेरमध्ये गावाभोवती आणि नदीकाठाने अशी पांढरीची टेकाडे आहेत. त्यांच्या उंचीकडे पाहिले तरी हे साधे खेडे नव्हते हे कळते.

धाराशिवपासून सुमारे वीस किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. तेरणा बालाघाटाच्या रांगांतून येते, पुढे मांजरेला मिळते आणि मांजरेचे पाणी गोदावरीला जाते. दोन्ही बाजूंना कापसाला मानवणारी काळी जमीन. पाऊस बेताचा. गावाचा सारा इतिहास या काळ्या जमिनीतल्या कापसावर आणि नदीकाठच्या चिकणमातीवर उभा आहे, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात दख्खनच्या दोन बाजारपेठांचा खास उल्लेख येतो. पहिली पैठण, भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर; पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर. तगर हे फार मोठे शहर आहे, असे तो लेखक सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड जात, तर तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला पोचवला जाई. भूगोलकार टॉलेमीलाही तगर माहीत होते.

पुढे हे शहर कागदांवर राहिले आणि जमिनीवरून हरवले. कोल्हापूरचे आणि कोकणातले शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरुद अभिमानाने लावत. म्हणजे तगर हे आपल्या घराण्याचे मूळ स्थान, अशी त्यांची समजूत होती. पण ते तगर कोणते? एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी देवगिरी सुचवली, जुन्नर सुचवले, धारूर सुचवले. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले आणि ते मान्य झाले. नावाची वाटही सरळ आहे. प्राकृतात मधला ‘ग’ गळतो. नगरचे नयर आणि मग नेर होते, म्हणून अमळनेर, पारनेर. त्याच रीतीने तगरचे तयर आणि तयरचे तेर. गाव लहान झाले, त्याबरोबर नावही आखडले. पण पुसले गेले नाही.

त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी येथील वास्तूंची पाहणी केली. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मागच्या बाजूने अर्धगोल आहे आणि त्याचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे. लेण्यांतली चैत्यगृहे आपण डोंगरात कोरलेली पाहतो. येथे तोच घाट विटांत बांधून उभा आहे. मूळ वास्तू बौद्ध चैत्य असावी असे कझिन्स यांचे मत होते, इतरांनी त्याला हरकतही घेतली आहे. वाद काहीही असो, आत त्रिविक्रमाची पूजा चालू राहिली आणि म्हणूनच भिंती शाबूत राहिल्या. पुजेतले मंदिर कोणी खणून नेत नाही. टेकाडांना ते भाग्य नव्हते.

१९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी येथे उत्खनन केले. नंतरही उत्खनने झाली. सातवाहनांची नाणी, मातीच्या व चिनी मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आणि विटांची बांधकामे उजेडात आली. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतल्या पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती. ती तेर-भोकरदनकडची असावी असे काही अभ्यासक मानतात. तिच्यावर खरोष्ठी अक्षर असल्याने काहींची नजर वायव्येकडे वळते. मला यात एवढेच महत्त्वाचे वाटते, की हा प्रश्न विचारताना जगाला तेरचे नाव घ्यावे लागते.

व्यापार आटला, राजधान्या बदलल्या, तरी मातीचे काम तेरमधून गेले नाही. तेराव्या शतकात याच गावात गोरोबाकाका मडकी घडवत होते. संतमंडळींत कच्चे मडके कोणते हे त्यांनी थापटण्याने पारखले आणि नामदेव रुसले, ही कथा मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ हे त्यांच्या समाधीचे वर्ष परंपरेने मानले जाते आणि चैत्र वद्य त्रयोदशीला आजही येथे दिंड्या येतात. लोक तेरला ओळखतात ते गोरोबांमुळे. ते ज्या मातीवर बसून चाक फिरवत, तिच्याखाली हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कुंभारांची खापरे होती, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

ते ज्यांच्या ध्यानात आले ते रामलिंगप्पा लामतुरे. ते तेरचेच. टेकाडांवर, शिवारात, नदीच्या कडांवर जे उघडे पडे ते त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले. हजारो वस्तूंचा हा संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला आणि गावातल्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही तेथे जपलेली आहे. इतके जुने लाकूड आपल्या हवेत टिकणे ही दुर्मीळ गोष्ट.

त्या संग्रहालयात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काचेमागे शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मांडलेले होते. मला उकिरडा आठवला. आजोबांना दोष द्यावा असे तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. गळके घर हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता आणि त्या मातीचे मोल त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण त्याच गावात, तीच माती पाहून एका माणसाने वाकून खापर उचलले आणि जपून ठेवले, हेही तितकेच खरे. शिकून आलेल्या अभ्यासकांच्या आधी गावाचा इतिहास गावकऱ्याच्या हातात येतो. तो ठेवायचा की टाकायचा, हे तिथेच ठरते.

आता माळवदे गेली, स्लॅब आले. छपरासाठी पांढरी लागत नाही. मात्र नव्या घराचा पाया जुन्या घरापेक्षा खोल जातो, आणि कुदळ निदान थांबत थांबत चाले, यंत्र थांबत नाही. तगरचा मोठा भाग अजून आजच्या तेरच्या घरांखाली आहे. तिथे नांदत्या लोकांना उठवून उत्खनन करावे असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पाया खणताना खापर दिसले तर दोन मिनिटे यंत्र थांबवावे आणि ते संग्रहालयात नेऊन दाखवावे, एवढेच मागणे आहे. मातीतून खापरे वेचायचे काम आम्ही लहानपणी रोज करत होतो. ती ठेवायची कुठे, एवढेच तेव्हा आम्हाला माहीत नव्हते.