पत्र्याच्या डबीचं कूळ

१७५५ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिननं चार्ल्सटनच्या डॉ. जॉन लायनिंग यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात एका साध्या प्रयोगाची हकिगत आहे. चांदीचा एक पेला विजेनं भारलेला, आणि रेशमी दोऱ्याला टांगलेला बुचाचा इंचभर गोळा. पेल्याच्या बाहेरच्या अंगाजवळ नेला तर हा गोळा ओढला जाणार, हे ठरलेलंच. तोच वरून आत सोडला, तर आतल्या भिंती त्याला अजिबात ओढत नाहीत. तळाला टेकवून वर काढला, तरी त्याच्यावर विजेचा मागमूस नाही. असं का होतं ते आपल्याला ठाऊक नाही, हेही फ्रँकलिननं त्याच पत्रात सांगून टाकलं. पुढे १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टलीनं याच निरीक्षणावरून तर्क बांधला, की विजेचं बळ गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच अंतराच्या वर्गानुसार घटत असावं.

आज प्रत्येक मोबाइलच्या बोर्डावर, चिप्सच्या डोक्यावर, चकचकीत पत्र्याच्या चौकोनी डब्या पालथ्या घातलेल्या असतात. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या, काही नखाएवढ्या. कारखान्यात आणि दुरुस्तीच्या दुकानात त्यांना ‘शील्ड’ म्हणतात. फ्रँकलिनचा पेला हा त्यांचा मूळ पुरुष. धातूनं वेढलेल्या जागेत बाहेरच्या विजेचा जोर चालत नाही, एवढं तेव्हाच कळलं होतं. नंतरच्या अडीचशेहून अधिक वर्षांत माणसं झगडली ती मुख्यतः झाकणाशी, सांध्यांशी आणि भोकांशी. या घराण्याचा इतिहास म्हणजे फट बुजवण्याचा इतिहास आहे, असं माझं मत आहे.

मायकेल फॅरेडेनं १८३६ मध्ये पेल्याची खोली केली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात त्यानं हलक्या लाकडाचा बारा फुटी घनाकृती सांगाडा उभारला. त्यावर तांब्याच्या तारा उभ्या-आडव्या ओढल्या, कागद लावला, त्यावर कथलाच्या वर्खाच्या पट्ट्या चिकटवल्या. सगळा डोलारा काचेच्या पायांवर ठेवला, म्हणजे वीज जमिनीत उतरायला नको. मोठ्या यंत्रानं खोली भारली, तेव्हा बाहेरच्या पृष्ठभागावरून जागोजागी ठिणग्या उडत होत्या. फॅरेडे आत जाऊन बसला होता. त्याच्याजवळ जळत्या मेणबत्त्या होत्या, विद्युत्‌मापक होते, आणि त्यातल्या एकालाही बाहेरच्या गडबडीचा पत्ता लागला नाही. या खोलीच्या भिंती सलग नव्हत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. तारांच्या आणि पट्ट्यांच्या मध्ये मोकळी जागा होती, तरी स्थिर विजेपुरतं ते पुरलं.

लहरींचं तसं नाही. १८८८ मध्ये कार्ल्सरूहच्या सभागृहात हाइनरिक हर्ट्झनं भिंतीवर चार मीटर उंच आणि दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला आणि विद्युतचुंबकीय लहर त्यावरून परतते हे दाखवलं. लहर धातूवर आदळली की धातूत प्रवाह खेळू लागतो, आणि हाच प्रवाह उलटी लहर उभी करून मूळ लहरीला आत येऊ देत नाही. हा प्रवाह अगदी वरवरच्या थरात वाहतो. सेकंदाला शंभर कोटी आवर्तनं असतील, तर तांब्यात तो जेमतेम दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग, इतकाच खोल जातो. म्हणजे जाडी हा मुद्दाच उरत नाही. पण याच प्रवाहाच्या वाटेत चीर आली की त्याला वळसा घालावा लागतो, चिरेच्या दोन्ही काठांमध्ये विजेचा दाब तयार होतो, आणि चीरच अँटेना होऊन बसते. इथे रुंदीपेक्षा लांबी घातक. केसाइतकी बारीक पण लांब फट जेवढं सोडते, तेवढं दहा-वीस गोल भोकंही सोडत नाहीत. तरंगलांबीच्या विसाव्या भागाहून लांब फट ठेवू नये, असा ठोकताळा अभियंते आजही वापरतात.

जगदीशचंद्र बोस यांना ही अडचण फार लवकर भेटली. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याला ते मिलिमीटरांत मोजायच्या लहरींवर काम करत होते. इतक्या आखूड लहरी कुठूनही निसटतात, म्हणून त्यांनी लहर सोडणारी सगळी सामग्री धातूच्या पेटीत बंद केली आणि किरण बाहेर यायला एकच नळी ठेवली. २९ जानेवारी १८९७ रोजी हीच उपकरणं घेऊन ते लंडनला बोलले, ते फॅरेडेच्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. साठ वर्षांपूर्वी जिथे एक माणूस वर्खाच्या खोलीत बसला होता, तिथे बोस हातात मावेल अशा पेटीतून लहरींची शिस्त दाखवत होते. मोबाइलच्या डबीचे आजोबा म्हणून मला बोसांची पेटीच जवळची वाटते.

१९२० च्या दशकात रेडिओ घराघरांत शिरला आणि पेटी यंत्राच्या पोटात गेली. सिग्नल दोन-तीन टप्प्यांत वाढवायचा, तर पहिल्या टप्प्याची गुंडाळी आणि शेवटच्या टप्प्याची गुंडाळी एकमेकींशी बोलू लागत आणि रेडिओ किंचाळायचा. लुई हेझल्टाइनच्या न्यूट्रोडाइन रेडिओत यावर फार देखणा तोडगा होता. तिन्ही गुंडाळ्या सुमारे ५४.७ अंशांत कलत्या बसवायच्या, म्हणजे एकीचं चुंबकक्षेत्र दुसरीत उतरत नाही. ते जुने सेट उघडून पाहिले की तीन तिरप्या गुंडाळ्या एका रांगेत दिसतात. पण दशकाच्या शेवटी स्क्रीन-ग्रिड व्हॉल्व्ह आले, प्रत्येक टप्प्याची ताकद कितीतरी वाढली, आणि कोन साधून भागेना. तेव्हा प्रत्येक गुंडाळीवर ॲल्युमिनियमची टोपी चढली.

ही टोपी आपल्याकडच्या रेडिओ मेकॅनिकांच्या पिढ्यांनी हाताळलेली आहे. ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनत होते तेव्हापासून ती ओळखीची. ट्रान्झिस्टर आल्यावर तिचं रूप बदललं. सेंटिमीटरभर चौकोनी पत्र्याची डबी, वर मधोमध भोक, भोकात रंगीत फेराइटचा स्क्रू. लाल म्हणजे ऑसिलेटर, पिवळा, पांढरा, काळा म्हणजे ४५५ किलोहर्ट्झचे आयएफ, म्हणजे मधल्या वारंवारतेचे, टप्पे. स्क्रू फिरवायला प्लास्टिकचा पेचकस, कारण लोखंडी टोक आत गेलं की गुंडाळीचा सूरच हलतो. डबीच्या तळाला दोन पत्र्याच्या जिभा बोर्डाच्या भोकांतून खाली उतरायच्या आणि ग्राउंडला सोल्डर व्हायच्या. त्या जिभांकडे नीट पाहायला हवं. बोर्डाच्या तांब्याला झाळलेली, खालून ग्राउंडनं आणि वरून पत्र्यानं बंद केलेली पेटी, ही मोबाइलमधली युक्ती इथे पूर्ण तयार आहे. फरक आकाराचा, आणि आत काय ठेवायचं याचा.

यानंतर संगणक आले, आणि गोष्ट उलटी झाली. तोवर डबी बाहेरच्या उपद्रवापासून किंवा शेजारच्या टप्प्यापासून बचाव करत होती. आता आतल्याचा उपद्रव बाहेर जाऊ न देणं हे काम झालं. १९७५ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात मेनलो पार्कला, होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत स्टीव्ह डॉम्पियरनं आपल्या अल्टेअर संगणकाशेजारी एक साधा रेडिओ ठेवला. संगणकावर आज्ञावली चालू असताना हवामानवृत्त ऐकायला लावलेल्या रेडिओत वेगवेगळे आवाज उमटतात, हे त्याच्या आधी लक्षात आलं होतं. कुठल्या आज्ञेनं कुठला सूर निघतो हे त्यानं बसून शोधलं आणि त्या दिवशी अल्टेअरकडून बीटल्सचं ‘द फूल ऑन द हिल’ वाजवून घेतलं. संगणकात स्पीकर नव्हता. वाजत होती ती निव्वळ गळती.

संगणक घरोघर जाऊ लागल्यावर तीच गळती शेजाऱ्याच्या टीव्हीवर रेघा बनून उमटू लागली. १९७९ मध्ये एफसीसी या अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं संगणकी उपकरणांसाठी मर्यादा ठरवल्या. घरगुती यंत्रापासून तीन मीटरवर, ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, मीटरला १०० मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त क्षेत्र भरता कामा नये. १९७७ साली आलेला टीआरएस-८० मॉडेल वन हा संगणक या चाळणीतून पार होणारा नव्हता, आणि १९८१ च्या सुरुवातीला त्याची विक्री थांबली. टीव्हीला जोडायच्या यंत्रांवरचे नियम तर त्याआधीपासूनच जाचक होते, म्हणून अटारीनं १९७९ मध्ये आणलेल्या ४०० आणि ८०० या संगणकांच्या पोटात ॲल्युमिनियमचं जाड ओतीव कवच घातलं. ते यंत्र उचललं की हाताला वजन जाणवतं. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो. त्याच्यामुळे शील्ड ही चांगल्या अभियंत्याची हौस राहिली नाही, बाजारात उतरायची अट झाली. युरोपनं १९८९ साली तसाच दंडक काढला आणि १९९६ पासून तो सक्तीचा केला.

१९८३ साली विक्रीला आलेला मोटोरोलाचा डायनाटॅक ८००० एक्स सुमारे ८०० ग्रॅम वजनाचा होता. त्याच्या पोटात दाटी असली, तरी पुढच्या फोनांच्या मानानं ऐसपैस जागा होती. खरी कोंडी नव्वदच्या दशकातल्या जीएसएम फोनांत झाली. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता ते दिल्ली पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा ही कोंडी फोडायचं काम जगभर चालू होतं.

कोंडी अशी. जीएसएम फोनच्या घड्याळाचा स्फटिक २६ मेगाहर्ट्झवर चालतो. अशा काटेकोर ठोक्यांतून मूळ वारंवारतेच्या पटीतले सूरही निघतात, दुप्पट, तिप्पट, असे वर चढत जातात. छत्तिसावा सूर मोजून पाहा: बरोबर ९३६ मेगाहर्ट्झ. ९०० च्या पट्ट्यात टॉवर फोनशी बोलतो तो ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे हा सूर थेट पाचव्या चॅनलच्या मधोमध पडतो. आणि फोननं ऐकायचा सिग्नल केवढा? एका वॉटचे १६ लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग हाती आला तरी फोनला बोलणं समजलं पाहिजे, अशी प्रमाणपत्राची अट. स्वतःच्याच घड्याळाची कुजबुज दोन सेंटिमीटरवरून कानात पडत असेल, तर कोसावरच्या टॉवरचं काय ऐकू येणार? (याहून क्षीण सिग्नल ऐकणारी यंत्रणा आपल्या जवळच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाश ऐकत असतात आणि पाहुण्यांना तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात.) बाहेर जाणाऱ्या बाजूलाही त्रास होता. फोन दोन वॉटच्या जोरानं, सेकंदाला २१७ वेळा, तुटक झटके देत बोलायचा. रिंग वाजायच्या आधी टीव्हीच्या किंवा टेपच्या स्पीकरमधून जी टिकटिक-टर्रर्र यायची, ती हीच.

सुरुवातीला फोनच्या प्लास्टिक कवचालाच आतून धातूचा लेप देत आणि बोर्डाच्या कडेशी वाहक रबराची कड दाबून बसवत. पण कवच दोन तुकड्यांचं, फोन हातातून पडणारा, रबर वयानं सैल होणारं. फट परत आलीच. म्हणून कवच सोडून पत्रा बोर्डावरच झाळायची रीत रुळली.

या पत्र्यात दिसतं त्याहून जास्त विचार आहे. जाडी ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. कधी कल्हई केलेलं पोलाद, कधी जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं-निकेल-जस्ताचा तोच मिश्रधातू ज्याची पूजेची तबकं आपल्या बाजारात मिळतात. तो गंजत नाही आणि मुलामा न देताही सोल्डर धरतो. माथ्यावर मिलिमीटरभराची भोकं, भट्टीतली गरम हवा आत खेळून चिप्सचं सोल्डर वितळावं म्हणून. माथ्याच्या मध्यभागी मात्र एक गोल जागा कोरी ठेवलेली, कारण बोर्डावर भाग मांडणारं यंत्र हवेच्या ओढीनं पत्रा उचलतं, आणि तिथे भोक असेल तर ओढ सुटते. कडा सपाट हव्यात, कारण कड जिथे उचललेली राहते तिथे सोल्डर बसत नाही आणि तिथेच फट पडते. पुढे दोन तुकड्यांची डबी आली. चौकट बोर्डाला झाळायची, झाकण वरून खटकन बसवायचं. चौकटीच्या अंगावर बारीक खळगे, झाकणाच्या कडेला तेवढेच उंचवटे. प्रत्येक उंचवटा टेकतो तिथे फट तुटते, म्हणून ते दर काही मिलिमीटरवर. आत काही बिघडलं तर झाकण नखानं निघतं. या सगळ्या कुळात मला हीच डबी सर्वांत शहाणी वाटते.

फोन बारीक होत गेले तशी पत्र्याच्या उंचीचीही अडचण झाली. मग डबीच काढून टाकायची वाट निघाली. चिप्स आणि त्यांच्या सोबतचे भाग काळ्या रेझिनमध्ये एकत्र गाडायचे आणि त्या ठोकळ्यावर निर्वात पोकळीत काही मायक्रॉन जाडीचा धातू चढवायचा. वरवरचा थरच कामाचा असतो, हे आधी पाहिलं; त्यामुळे एवढा पातळ मुलामाही पुरतो. आत दोन कप्पे करायचे तर लेझरनं चर खणून त्यात वाहक लगदा भरतात. २०१५ च्या पहिल्या ॲपल वॉचमध्ये जवळजवळ अख्खा संगणक असा एका ठोकळ्यात बंद होता. इथे झाकण नाही, सांधा नाही, भोकही नाही. २६ गिगाहर्ट्झच्या ५जी लहरीची तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटर, तिचा विसावा भाग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. माथ्यावर मिलिमीटरभराची भोकं असलेला पत्रा तिथे चालत नाही, असा मुलामा चालतो. बोसांच्या पट्ट्याजवळ आपण परत पोचलो आहोत, म्हणून मुलाम्याला पर्याय कमी आहेत, हे मान्य.

पण त्याची किंमत दुरुस्तीच्या बाकावर चुकवावी लागते. पत्र्याच्या शील्डला हॉट एअर गनचा झोत गोल फिरवत दिला, कडेचं सोल्डर पाण्यासारखं चमकू लागलं, की चिमट्यानं पत्रा उचलता येतो. खालची एखादी मोहरीएवढी कॅपॅसिटर शॉर्ट झालेली असते, ती बदलायची, पत्रा परत बसवायचा. मुलामा दिलेल्या ठोकळ्यात असं शिरता येत नाही. तीच कॅपॅसिटर आत गेली, तर अख्खा ठोकळा उपटून दुसरा बसवायचा, आणि तो सुटा मिळत नसेल तर बोर्डच बदलायचा. जिथे लहरी फार आखूड नाहीत आणि जागा अर्ध्या मिलिमीटरनं वाढली तरी चालते, अशा भागांवर तरी चौकट आणि झाकण ठेवायला उत्पादकांना काहीच हरकत नसावी.