कालव्यामागून वर आलेले मीठ

बारामती-इंदापूरकडचा शेतकरी बिघडलेल्या जमिनीला सरसकट एकच नाव देत नाही. वर पांढरे फूल धरते ती खारवट. भिजली की चिकट, वाळली की दगडासारखी होते ती चोपण. काटेवाडीच्या या पट्ट्यात ही दोन नावे समजून घ्यायची, तर नीरा डाव्या कालव्यापर्यंत मागे जावे लागते.

१८७६-७८ च्या दुष्काळात हा मुलूख होरपळला. त्यानंतर भाटघरचे धरण बांधले गेले आणि १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी आले. जिरायत रानात ऊस उभा राहिला. पण पुरती पंचवीस वर्षे लोटली नाहीत, तोच पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास करावा लागला. त्यांची पुस्तिका १९१० मध्ये निघाली. पुढे १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास विभाग काढला. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे मूळ तेच.

हे मीठ मुख्यतः जमिनीतलेच होते. काळा पाषाण झिजून सुटलेले क्षार तुटपुंज्या पावसाने धुऊन जात नाहीत. अतिपाण्याने भूजल वर चढले, उन्हाने पाणी उडाले आणि क्षार मागे राहिले.

झाडाला हे फार जाचते. हंगामी पीक वरच्या थरात भागवते. झाडाची मुळे खोल जातात, ती चढलेल्या पाण्यात गुदमरतात. खारवट ओलीतून मुळांना पाणी ओढवत नाही. रान ओले असून झाड तहानलेले राहते, पानांच्या कडा करपतात. चोपणात सोडियम पालाशाच्या शोषणात आडवा येतो. सामू साडेआठच्या वर गेला की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत; कोवळे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी नुसती खते वाढवून भागत नाही. बाभूळ, करंज तग धरतात. आंबा, लिंबू मागे हटतात.

उपाय ठाऊक आहे: आधी निचऱ्याची चर, मग चोपणाला जिप्सम, मग गोड्या पाण्याने धुणे. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकतो. पण सुटलेला सोडियम शेताबाहेर जायला वाट हवी. ती वाट खालच्या शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. वरच्याने पाणी आवरले नाही, तर खालच्याची बाग बसते. कालवा सरकारने खोदला. चर मात्र ओढ्यापर्यंत साऱ्यांनी मिळूनच न्यावी लागते.