नोंदवहीची सीमा : वऱ्हाडातील परिचारिका-नोंदणीचा एक प्रश्न

अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम काठी, असदगडाच्या आश्रयाने वसले. इंग्रजी अमलातील कचेऱ्या मात्र पूर्वकाठी, ताजनापेठेच्या बाजूस उभ्या राहिल्या. जुन्या शहरातून नदीपलीकडे कामास जाणाऱ्या परिचारिकेस वाटेत कोणी दाखला विचारीत नसे. तिच्या दाखल्याची हद्द नदी नव्हती, प्रांत होता. अकोल्याच्या बाबतीत या हद्दीचा इतिहास विलक्षण गुंतागुंतीचा आहे.

हिंदुस्थानात परिचारिकांची नोंदणी प्रांतिक कायद्यांनी सुरू झाली. मद्रासेत १९२६ साली, मुंबईत १९३५ साली आणि मध्यप्रांतात १९३६ साली असे कायदे झाले. ब्रिटनमध्येही १९१९ साली इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड व आयर्लंड यांसाठी निरनिराळे कायदे झाले होते. तथापि एका नोंदवहीतील नाव दुसरीत चढविण्याची सोय त्यांत होती. येथे ती परस्पर मान्यतेवर अवलंबून राहिली. त्यात वऱ्हाडावर निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व असल्याने मध्यप्रांताचा कायदा वऱ्हाडास आपोआप लागू होत नसे. तो निराळा लावून घ्यावा लागे. ही विसंगती दूर करण्यासाठी १९४१ साली बेरार लॉज कायदा करावा लागला, यावरून अडचणीचा आवाका लक्षात यावा.

परिचारिकांची संख्या विपुल असती, तर या भिंती कदाचित खुपल्या नसत्या. परंतु भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात जेमतेम सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे सुमारे ४३ हजार लोकांमागे एक. विवाहामुळे वा पतीच्या बदलीमुळे मलकापुराहून भुसावळास गेलेली परिचारिका पश्चिमेस काही मैल सरकताच दुसऱ्या प्रांताच्या कायद्याखाली येई. एवढ्या तुटवड्याच्या देशात तिचे शिक्षण केवळ कागदासाठी अडून राहावे, ही गोष्ट शोचनीयच म्हटली पाहिजे.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने यावर उपाय योजला. त्याच्या ११ व्या कलमान्वये मान्यताप्राप्त अर्हता कोणत्याही प्रांताच्या नोंदवहीत नाव दाखल होण्यास पुरेशी ठरली. (मूळ कायद्यातील ‘प्रांत’ हा शब्द १९५० साली ‘राज्य’ झाला, शब्द पालटला, भिंत तशीच राहिली.) येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. कायद्याने अर्हतेस संचार दिला, नोंदीस नव्हे. नाव प्रत्येक राज्यात नव्याने चढवावेच लागे. १९५७ च्या दुरुस्तीने अखिल भारतीय नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली खरी. पण ती राज्यांच्या नोंदवह्यांतील नावांचे संकलन होती, त्यांचा पर्याय नव्हती.

दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. अकोल्याची परिचारिका त्याच वॉर्डात, त्याच खाटांपाशी उभी होती. राज्य तेवढे बदलले. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ११९ व्या कलमामुळे जुने कायदे त्या त्या प्रदेशात चालू राहिले. परिणामी अकोला आणि जळगाव एका राज्यात येऊनही परिचारिकांच्या बाबतीत निरनिराळ्या कायद्यांखाली राहिले. महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने ते १९६६ साली एकत्र आणले. सर्वसाधारणतः एकीकरणाचे श्रेय या अधिनियमास दिले जाते. राज्यांतर्गत कारभारापुरते ते योग्यच आहे. राज्याबाहेर जाणारीचा मार्ग मात्र १९४७ च्या कलमानेच मोकळा केला होता, आणि तोही अर्धाच.

अमेरिकेत २००० सालापासून काही राज्यांनी आपसांत करार करून एकाच परवान्यावर अनेक राज्यांत परिचर्या करण्याची मुभा दिली. भारतात २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियमातही राष्ट्रीय व राज्य अशा दुहेरी नोंदवह्यांचीच योजना आहे. वऱ्हाडपुरते पाहता फेरबदल झाला तो दिशेचा. १९५६ पूर्वी अकोल्याच्या परिचारिकेस बऱ्हाणपूर आपल्याच प्रांतातले होते आणि जळगाव परके. त्यानंतर जळगाव आपले झाले, व बऱ्हाणपुरास जायचे तर दुसऱ्या राज्याच्या नोंदवहीत नाव चढविण्याची वेळ आली.