काळ्या कातळाची साक्ष आणि सूक्ष्म कणांची संगत

अतिसूक्ष्म चुंबकीय कणांचे शास्त्र म्हटले की आज संगणक आठवतो. पण या शास्त्राचा पाया घातला गेला तो भाजलेल्या मातीच्या आणि ज्वालामुखीच्या खडकांच्या अभ्यासातून. त्यातले एक प्रकरण आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाचे आहे. मराठीत त्याचा उल्लेख माझ्या वाचनात क्वचितच आला, म्हणून हा प्रपंच.

1949 साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नील यांनी सूक्ष्म कणांच्या चुंबकत्वाचा सिद्धांत मांडला. त्या लेखाच्या शीर्षकातच भाजलेल्या मातीचा उल्लेख आहे. वीट भट्टीत तापून थंड होते, तेव्हा तिच्यातले लोह-ऑक्साइडचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ही आठवण किती टिकेल, हे कणाच्या आकारमानावर ठरते. 1959 साली बीन आणि लिव्हिंग्स्टन यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. नेहमीच्या तापमानाला 11.5 नॅनोमीटर त्रिज्येचा लोखंडाचा कण आपली दिशा सेकंदाच्या दहाव्या भागात विसरतो. त्रिज्या 15 नॅनोमीटर असेल, तर तीच दिशा सुमारे 30 वर्षे टिकते. उष्णतेची थरथर लहान कणाला सतत उलटवते; थोड्या मोठ्या कणाला तिचा धक्का पुरत नाही.

याच सुमारास खडकांच्या आठवणीवर एक मोठा दावा उभा राहत होता. लंडनमधील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी 1956 साली भारतीय खडकांच्या चुंबकत्वावर लेख प्रसिद्ध केला. 1958 मध्ये डॉइच यांच्यासह मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या लाव्हावरील लेख आला. कातळात गोठलेल्या दिशेचा कल सांगत होता, की हा लाव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला थंड झाला. चंदगड आज 16 उत्तर अक्षांशाजवळ आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला 30 अंशांच्या आसपास होती. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हते. त्यामुळे खटल्याचा सारा भार एका प्रश्नावर आला: हा साक्षीदार भरवशाचा आहे का?

मुंबईच्या गटाने साक्षीदाराचीच तपासणी आरंभली. 1965 साली एस. डी. लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी त्यासाठी बनवलेल्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. खडकाच्या तुकड्यावरचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने उलटसुलट करायचे आणि खडकाचे चुंबकत्व त्याच्यामागे किती रेंगाळते, याचा वक्र काढायचा, असे ते यंत्र. त्यातून दिसले, की कित्येक बेसॉल्टमध्ये आठवण मुळीच न धरणारे अतिसूक्ष्म कणही असतात. काही नमुने थंड केले की त्यांचा वक्र कमरेत आवळल्यासारखा दिसे. म्हणजे कातळ सरसकट विश्वासार्ह नव्हे. कोणता नमुना बोलतो आणि कोणता नाही, हे आधी पारखावे लागते. माझ्या मते त्या गटाचे खरे मोठेपण या पारखण्यात आहे.

इथे संगतीचा मुद्दा येतो. वर सांगितलेले गणित सुट्या कणाचे आहे. प्रत्यक्षात कण घोळक्याने असतात. एकामागे एक असलेले दोन चुंबक एकाच दिशेला तोंड करतात. शेजारी शेजारी असलेले विरुद्ध दिशेला. दाट गर्दीत हे ओढे एकमेकांना छेदतात. मग एकटा असता तर सैलावला असता असा कणही शेजाऱ्यांमुळे अडकून राहतो, आणि कधी सगळा समूह कोणतीच एक दिशा न घेता विस्कळीतच गोठतो.

पातळ थरात हा प्रश्न आणखी धारदार होतो. 1956 साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात 50 तबकड्या होत्या आणि त्यांच्यावर लोह-ऑक्साइडचा रंगासारखा लेप होता. पुढे लेपाच्या जागी कोबाल्टच्या मिश्रधातूचा थर आला. त्यातले कण सुमारे 8 नॅनोमीटरचे असून, शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओढू नये म्हणून त्यांच्यामध्ये ऑक्साइडची भिंत ठेवतात. संगत किती ठेवायची आणि किती तोडायची, यावर त्या थराची स्मरणशक्ती अवलंबून असते.

दख्खनच्या कातळाचा दक्षिण काठ आमच्या चंदगड तालुक्याच्या टापूत येतो. ऊनपावसात कुजून त्याचा जांभा झाला, तांबडी माती झाली. वाळलेल्या मातीतून लोहचुंबक फिरवला की त्याला काळसर पूड चिकटते. कातळ कुजताना त्याची जुनी आठवण पुसली जाते आणि नव्याने तयार झालेले कण नवी नोंद धरतात. 1983 साली श्मिट, प्रसाद आणि रामम यांनी अशाच नोंदींवरून भारतातील जांभ्याची वये काढली.

ही नोंद वाचायची, तर दगड सुटण्यापूर्वी त्याच्यावर उत्तर दिशेची खूण करावी लागते. खाणीतून खूण न करता चिरा निघाला की दगड हाती राहतो, दिशा मात्र जाते. नवी खाण किंवा रस्त्यासाठी डोंगर फोडताना दोन-चार दगडांवर होकायंत्राने खूण करून ते जवळच्या महाविद्यालयाकडे दिले, तर खर्च जवळजवळ काहीच नाही. एकदा हललेल्या दगडाला मात्र पुन्हा साक्षीला उभे करता येत नाही.