ती अबोल होते तेव्हा...

घरातील सून जेवत नाही, रात्ररात्र जागते, क्षुल्लक गोष्टीवरून रडते; तेव्हा 'तिचा स्वभावच तसा' असे म्हणून विषय संपविला जातो. स्त्रियांच्या बाबतीत आत्महत्येच्या पूर्वसूचना नजरेतून निसटतात त्या अशाच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात ४५,०२६ स्त्रियांचा आत्महत्येमुळे मृत्यू झाला. त्यांपैकी २३,१७८, म्हणजे निम्म्याहून अधिक, गृहिणी होत्या. विवाह म्हणजे मुलीची सुरक्षितता, असे मानणाऱ्या समाजाला हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. अर्थात आत्महत्येमागे एकच एक कारण सहसा नसते. लहान वयातील लग्न, मारहाण, आर्थिक परावलंबन, नैराश्य यांचा गुंता झालेला असतो.

'मी नसते तर बरे झाले असते', 'माझा सर्वांना भारच' अशी वाक्ये धमकी किंवा नाटक समजून सोडून देऊ नयेत. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, मुलांना सांभाळण्याबद्दल बहिणीला पुन्हापुन्हा बजावणे, दीर्घकाळच्या घालमेलीनंतर अचानक शांत होणे, हीही गंभीर लक्षणे होत. शाळकरी मुलगी मैत्रिणींना टाळू लागली, अंगावरील जखमा लपवू लागली, तर रागावण्याआधी विचारपूस हवी. बाळंतिणीचे हळवेपण साधारणतः दोन आठवड्यांत ओसरते. उदासी त्यापुढे टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. पूर्वी असा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला धोका अधिक असतो. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे काही आठवडे विशेष जपण्याचे.

'जीव द्यावासा वाटतो का?' असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. मात्र हा प्रश्न सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारून उपयोग नाही. ती एकटी असताना विचारावा, आणि उत्तर मिळाल्यावर 'मुलांकडे बघून सहन कर' हा ठेवणीतला सल्ला देऊ नये. धोका जाणवल्यास तिला एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात किंवा घराबाहेर ठेवावीत आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

छळ घरातच होत असेल, तर केवळ गोळ्यांनी भागत नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा असून, त्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याची मदत व राहत्या घरातील वास्तव्याचा हक्क मिळविता येतो. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न दडविण्याचेही कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर येते.

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य समुपदेशन मिळते. मराठीतही बोलता येते. छळाच्या तक्रारीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे. जिवाला तातडीचा धोका असल्यास ११२ वर दूरध्वनी करावा.